खबर दोनदा विचारतात

मुहन्ना कुवेतहून परत आला तो गुरुवार होता. सोमवारी आणि गुरुवारी मला उपास असतो, त्यामुळे वार पक्का आठवतो. दुपार कलली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई झुवैना, अंगणातल्या लिंबाखाली खजुराच्या पात्यांची पिशवी विणत बसल्या होत्या. बकरी ईद बारा दिवसांवर आली होती. ईदला आमच्या साऱ्या गावाचं मांस मसाला चोळून एकाच खोल भट्टीत पुरतात, ज्याचं त्याच्या पिशवीत. भट्टी उघडली की आपापली खूण ओळखून पिशवी घरी न्यायची. आत्यांची वीण गावात नावाजलेली होती.

“केवढी मोठी केलीय ही,” शेजारची रय्या म्हणाली. ती विस्तव मागायला आली होती आणि अर्धा तास झाला तरी विस्तव घ्यायचं नाव काढत नव्हती. “दोन बायका तुम्ही घरात. उंट भरणार आहात की काय हिच्यात?”

“तुझी जीभ मावेल एवढी केलीय,” आत्या म्हणाल्या. “आणि दोनच राहणार असं तुला कुणी सांगितलं? जहाजं यायचे दिवस आहेत.”

रय्या हसली आणि माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या. मी मान खाली घातली. जहाजं यायचे दिवस आले की माझ्याकडे असंच बघत सगळ्या.

झहरान हा आत्यांचा एकुलता मुलगा आणि माझा नवरा. लग्नानंतर आठ महिन्यांनी तो कुवेतला कामाला गेला, त्याला पाच वर्षं होत आली होती. तेव्हा आमच्या डोंगरात तार नव्हती, टपाल नव्हतं. परत येणाऱ्या माणसाच्या तोंडी निरोप यायचा. पाच वर्षांत चार आले. बरा आहे, काम आहे, येतो, आईला सांभाळ. पाचही नमाजांनंतर हात पसरून मी एकच मागायची, की त्याला सुखरूप घरी आण. दुसरं काही मागायला मला सुचत नसे आणि लाजही वाटे.

दारात खाकरण्याचा आवाज आला. पुढे खलफान काका, आत्यांचे धाकटे दीर आणि गावातले जाणते. त्यांच्या मागे मुहन्ना, झहरानसारखाच कुवेतला कामाला गेलेला गावातला मुलगा. नवी पगडी, कमरेला खंजीर, पण चेहरा मळकट. मी आत सरले आणि दाराच्या पडद्याआडून बघत राहिले. परक्या पुरुषासमोर आमच्यात तरुण बायका येत नाहीत. आत्यांचं तसं नव्हतं. त्या म्हाताऱ्या, शिवाय घरधनीण.

सलाम झाला, हात हातात घेऊन झाले, सगळे चटईवर टेकले. मग आत्यांनी विचारलं, “काय खबरबात?”

“काही नाही. सगळं शांत.”

“काही नवं-जुनं?”

“काही नाही, मावशी. अल्लाहची कृपा. सगळं शांत.”

आमच्याकडे खबर दोनदा विचारतात. पहिल्यांदा पाहुणा टेकल्याबरोबर विचारायची, आणि त्याने सगळं शांत आहे असंच म्हणायचं. मागे घर जळत असलं तरी तेच म्हणायचं. मग खजूर येतो, कहवा येतो, पाहुण्याच्या घशाला ओल येते. त्यानंतर यजमान दुसऱ्यांदा विचारतो, आणि तेव्हा जे असेल ते खरं सांगायचं. न विचारता सांगणं म्हणजे उपाशी माणसाच्या अंगावर दगड टाकण्यासारखं समजतात. लहान मुलालाही हे शिकवावं लागत नाही.

मी खजुराचं ताट आणि कहव्याची झारी पडद्याखालून सरकवली. आत्या ओतू लागल्या.

“कुवेतचं पाणी मानवलेलं दिसतंय. गेलास तेव्हा दोरीवरच्या कपड्यासारखा होतास.”

“असेल, मावशी.”

“लग्न केलंस तिकडे?”

“नाही.”

“मग इतकी वर्षं केलंस काय? वाळू मोजलीस?”

खलफान काका हसले, पण हसू तोंडातच राहिलं. मुहन्नाने पहिला पेला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा असतो. त्याने हलवला नाही. आत्यांनी चौथा भरला, त्याने तोही घेतला. पाचवा. सहावा. मी त्या पेल्याकडेच बघत होते. सहा पेले कहवा पिणारा माणूस तहानलेला नसतो, तो दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसलेला असतो.

आत्यांनी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, जहाजातल्या उलट्यांची केली. मस्कतहून लॉरी इझकीपर्यंत किती तासांत आली, आणि पुढे गाढव कुणाचं केलं, तेही विचारलं. झहरानचं नाव काढलं नाही. आणि मग पाठ न वळवताच मला हाक मारली. “नधीरा, लोबान आण गं.”

लोबान शेवटी फिरवतात. धूर दाढीला, कपड्यांना लागला की पाहुण्याने उठायचं. त्यानंतर बसणाऱ्याला काय म्हणतात ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्यांदा खबर विचारल्याशिवाय लोबान मागवलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पण मी धुपाटण्यात निखारे घातले, वर लोबानचे खडे टाकले, आणि पडद्याखालून पुढे केलं. ते मी केलं. मला नको म्हणता आलं असतं.

मुहन्नाने काकांकडे पाहिलं. काकांनी चटईकडे. आत्यांनी धुपाटणं दोघांसमोर धरलं, धूर त्यांच्या पगड्यांत शिरला, आणि दोघे उठले. आत्या म्हणाल्या, “येत जा रे. घर तुझंच आहे.”

रय्या अजून होती. तिने विस्तव घेतला नाही. हात रिकामा तसाच घेऊन ती घरी गेली.

*

दुसऱ्या दिवशी मी पाटावर कपडे धुवायला गेले तेव्हा बायका बोलत होत्या. मी दिसले आणि त्यांनी कपडे आपटायला सुरुवात केली. एवढ्या जोरात कुणी कधी आपटत नाही. कुणीतरी मला पुढची जागा करून दिली, वरच्या बाजूची, जिथे पाणी स्वच्छ असतं. त्या जागेवर आमच्यात मोठ्या बायका बसतात, नाहीतर नवी नवरी बसते. मी दोन्हींतली नव्हते.

“रय्या,” मी हळूच म्हटलं, “काय आहे?”

“काय असायचं? पाणी थंड आहे,” ती म्हणाली, आणि पिळलेलाच कपडा पुन्हा पिळू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या सासूला आधी विचारू दे ना, बाई.”

मी कपडे तसेच ओले बांधले आणि खलफान काकांच्या बागेत गेले. त्यांची पाण्याची पाळी होती. ते फावड्याने एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडत होते.

“काका, मुहन्नाने काय आणलंय?”

“मी सांगायची गोष्ट नाही ती, पोरी.”

“म्हणजे गोष्ट आहे.”

त्यांनी चिखलाचा गोळा थापला. “वहिनीने विचारलं की तो सांगेल. आईच्या आधी ती कुणाच्या कानावर घालायची नसते.”

“साऱ्या गावाच्या कानावर आहे.”

“गावाने बैठकीत विचारलं. विचारल्यावर त्याला सांगावं लागलं. तुझ्या सासूने नाही विचारलं.”

“मग मला सांगा. मी विचारते आहे.”

“तू सून आहेस,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाफ्यात पाणी चढत होतं, त्याकडे बघत ते उभे होते. “आणि मी काही कुवेतला नव्हतो. ज्याने आणली त्यानेच द्यायची. तो रोज येईल. मी त्याला आणीन.”

“मग एवढंच सांगा काका, मी नमाजानंतर मागायचं काय?”

ते फावडं धुवायला लागले.

खरं सांगायचं तर मला तिथेच कळलं. पण कळणं आणि खबर मिळणं यात फरक असतो, तो मला त्या दिवसांत समजला. जिवंत माणसासाठी सुखरूप वाट मागायची असते. तो गेला असेल तर त्याच्यासाठी क्षमा मागायची, कबरीत जागा रुंद व्हावी म्हणून मागायचं. दोन्ही एकदम मागता येत नाहीत. गेलेल्याला परत आण म्हणणं वेडेपणा, आणि जिवंत नवऱ्यासाठी बायकोने मेलेल्यांची दुआ म्हणणं, ते तर त्याच्या नाकातोंडावर हात दाबण्यासारखं. संध्याकाळी मी नमाज पढले, हात पसरले, आणि ओठ हललेच नाहीत. तशीच बसले. कुठेतरी परक्या मातीत तो पडला असेल आणि त्याच्या वाट्याची दुआ त्याच्या घरातून निघत नसेल, तर त्याचा दोष कुणाच्या माथी? मला दुसरं काही नको होतं. नवरा गेला की राहिला हेसुद्धा नंतर. हात पसरल्यावर काय म्हणायचं, तेवढं मला हवं होतं.

*

मुहन्ना रोज आला. दुपार कलली की काका त्याला घेऊन यायचे. पहिल्यांदा आत्या विचारायच्या, “काय खबरबात?” आणि तो म्हणायचा, “काही नाही, सगळं शांत.” आत्या डोळे मिटून ऐकायच्या. कुणी औषधाचा घोट घेतो तशा. मग कहवा. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. मग लोबान.

आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण आत्या सुधारल्या. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली होती, ती सुटली. भाकरी दोन खाऊ लागल्या. सकाळी बकऱ्यांना पाला घालताना गुणगुणू लागल्या. रोज दुपारी एक माणूस दारात येऊन सगळं शांत आहे म्हणत होता, आणि त्या एका शब्दावर त्या दुसऱ्या दुपारपर्यंत जगत होत्या.

मुहन्ना मात्र वाळत चालला. पाचव्या दिवशी दाराबाहेर तो काकांना म्हणाला ते मी ऐकलं. “काका, माझ्याच्याने होत नाही. त्याला मातीत घालून आलेला माणूस मी, आणि रोज त्याच्या आईसमोर बसून सगळं शांत म्हणतो. माझी जीभ झडेल.”

“उद्या विचारेल ती.”

“तुम्ही कालही हेच म्हणालात.”

“मग काय करू? तिच्या तोंडात हात घालून प्रश्न बाहेर काढू?”

पडद्याला धरून मी उभी होते. मातीत घालून आलेला. तो शब्द मला दिला गेला नव्हता, मी चोरला होता. चोरलेल्या शब्दावर दुआ म्हणता येते का, हे मी मशिदीत शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मुअल्लिमांच्या बायकोला विचारलं. त्यांनी हातातली तसबीहची माळ थांबवली. “कुणी साक्षीदाराने तुला तोंडाने सांगितलं का?” “नाही.” “मग थांब, बाळ.” मला राग आला नाही. त्यांनी नियमच सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी ईदचा मसाला कुटत होतो. धने, जिरं, मिरी, लसूण, वाळलेल्या मिरच्या. उखळ आमच्या दोघींच्या मध्ये होतं आणि मुसळ आळीपाळीने पडत होतं. बकरी ईदच्या महिन्याचे हे पहिले नऊ दिवस, उपासाचे. मी रोज उपास करत होते आणि वासानेच डोकं जड झालं होतं.

“आत्या, आज मुहन्नाला विचारा.”

“विचारते की रोज.”

“दुसऱ्यांदा विचारा.”

त्यांचं मुसळ वरच राहिलं. “दुसऱ्यांदा कशाला? पहिल्यांदा तो सांगतो ना नीट. खोटं बोलतो का तो?”

“आत्या...”

“तू मला शिकवू नकोस गं. मी या घरात आले तेव्हा तुझी आई नाक पुसायला शिकत होती.” त्यांनी मुसळ टाकलं, पुन्हा उचललं. मग आवाज अगदी खाली आला. “नऊ महिने वागवला, दोन वर्षं पाजला. पाच वर्षं त्या वाटेकडे बघत बसले. ईदपर्यंत राहू दे मला तो. एवढं काय मागते मी?”

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मला वाटलं होतं, त्यांना भीती वाटते आहे. तसं नव्हतं, त्यांना माहीत होतं.

“आणि ईदनंतर विचाराल?”

“ईदनंतर बोकड राखणाऱ्याची मजुरी, मग मळणी, मग खजुराचे घड बांधायचे.” त्या उखळात बघत म्हणाल्या. “कामं काय कमी असतात का बाईमाणसाला? कूट तू, थांबलीस का?”

मी कुटू लागले. तेव्हा मला दिसलं की त्या कधीच विचारणार नाहीत. मुहन्ना कंटाळून परत कुवेतला जाईल किंवा म्हातारा होईल, आणि झहरान असाच राहील. घरातही नाही आणि कबरीतही नाही. आणि मी हात पसरून मुकी बसेन.

*

ईदच्या दोन दिवस आधी आत्यांनी मेंदी भिजवली. लिंबाचा रस घालून, आमच्यात घालतात तशी, काळीभोर होईपर्यंत. परात घेऊन त्या लिंबाखाली बसल्या.

“हात दे.”

मी हात दिला नाही.

“हात दे म्हटलं ना. नवरा असलेली बाई ईदला कोऱ्या हातांनी फिरते का? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतील ते आत्या, तुम्हालाही ठाऊक आहे.”

नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस मेंदी लावायची नसते, सुगंध लावायचा नसतो, रंगीत नेसायचं नसतं. त्या क्षणी माझ्या अंगावर हिरवी ओढणी होती. आत्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या पकडीत जोर होता. माझी मूठ बंद होती, आणि त्या एकेक बोट उलगडायला लागल्या, लहान मुलाच्या हातातून काहीतरी काढून घ्यावं तसं. मी रडले नाही. मूठही सोडली नाही.

“दोन बोटं तरी,” त्या म्हणाल्या. “दोन बोटं लाव गं. माझ्यासाठी.”

तेवढ्यात दारात काका खाकरले.

आत्यांनी माझं मनगट सोडलं. मी आत गेले. त्यांनी स्वतःच्या तळहातावर मेंदीचा गोळा घेतला आणि मूठ मिटून बसून राहिल्या, जणू त्या आधीपासून हेच करत होत्या. मुहन्ना बसला. “काय खबरबात?” “काही नाही. सगळं शांत.” आज त्याने ते इतक्या हळू म्हटलं की आत्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी खजूर सरकवला. झारी सरकवली. एका हातात मेंदी असल्याने आत्या दुसऱ्या हाताने ओतत होत्या, आणि कहवा पेल्याबाहेर सांडत होता.

तिसरा पेला झाला. मुहन्नाने पेला हलवला. आज त्याने दुसऱ्या प्रश्नाची वाट बघणंही सोडलं होतं. पेला हलवून त्याने खाली ठेवला आणि लोबानची वाट बघू लागला.

तो पेला खाली ठेवल्याचा बारीक आवाज झाला, आणि मी पडदा सारून बाहेर आले.

काका अर्धे उठले. “नधीरा!”

मी ओढणी तोंडावर ओढून घेतली होती. चटईच्या कडेला उभी राहिले. माझा आवाज मुळात कुणाला ऐकू जात नाही, रय्या म्हणायची की तू बोलतेस की श्वास घेतेस तेच कळत नाही. तरी त्या अंगणात तो सगळ्यांना ऐकू गेला.

“मुहन्ना, कहवा झाला. आता खबर सांग.”

“नधीरा, लोबान आण,” आत्या म्हणाल्या.

“आणते, आत्या. खबर झाली की आणते.”

“मी या घराची धनीण आहे. मी नाही विचारलेलं!”

“मी विचारलंय,” मी म्हटलं. “मी त्याची बायको आहे. मी दुसऱ्यांदा विचारते आहे. काय खबर?”

मुहन्नाने काकांकडे पाहिलं नाही. आत्यांकडेही नाही. खाली ठेवलेल्या पेल्याकडे बघत त्याने सांगितलं. शव्वाल महिन्याची बारा तारीख. ताप होता, आठ दिवस. गावाकडचे सहा जण होते तिथे, सगळे जवळ होते. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं की पाटाला पाणी आहे का यंदा. “मी आहे म्हणालो,” मुहन्ना म्हणाला. “मला काय ठाऊक असणार? पण आहे म्हणालो.” आंघोळ मुहन्नाने स्वतः घातली. जनाज्याची नमाज झाली. शहराबाहेरच्या कब्रस्तानात, भिंतीपासून चौथी कबर. मग तो म्हणाला, “अल्लाहने दिला होता, अल्लाहने नेला. मावशी, मला माफ करा.”

काका काहीतरी पुटपुटले. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती.

आत्यांनी मूठ उघडली नाही. मेंदीचं पाणी बोटांच्या फटींतून त्यांच्या मांडीवर गळत होतं. त्या मुहन्नाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“तू विचारलंस,” त्या म्हणाल्या.

मी खाली बसले.

“आत्ता होता तो. आत्ता, कहवा ओतताना होता. तू विचारलंस आणि गेला.”

“वहिनी, असं नका बोलू,” काका म्हणाले. “दोन महिने होत आले—”

“तुम्ही मला मोजायला शिकवू नका, भावोजी. माझ्या घरात तो आत्ता गेला. या पोरीच्या तोंडाने गेला.”

*

त्या ईदला आमच्या गावात ढोल वाजला नाही, तलवारी घेऊन पुरुष नाचले नाहीत. तीन दिवस पुरुष बैठकीत बसले आणि बायका आमच्या घरी. कहवा शेजारणी करून आणत होत्या. काही जणी माझ्याजवळ येऊन कानात म्हणाल्या, बरं केलंस बाई, कुणीतरी करायलाच हवं होतं. त्याच पलीकडे जाऊन म्हणाल्या, सुनेने सासूच्या तोंडातली खबर काढून घेतली. दोन्ही मी ऐकलं. दोन्ही खरं होतं.

मुहन्ना ईदनंतर आठ दिवसांत पुन्हा मस्कतला गेला. निरोप घ्यायला आला नाही.

काकांनी मुअल्लिमांना विचारून सांगितलं की इद्दत, म्हणजे नवरा गेलेल्या बाईने पाळायचे ते दिवस, मरणाच्या दिवसापासून मोजतात, तेव्हा तुला अडीच महिनेच बसायला लागेल. मी चार महिने दहा दिवस पुरे बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण शव्वालच्या बारा तारखेपासून मी हिरव्या ओढणीत हिंडले होते, पाटावर रय्याच्या विनोदांना हसले होते, आणि ते दिवस बसल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. मागच्या खोलीत पांढऱ्या कपड्यात मी बसले, सुरुवातीला फक्त नमाजापुरती बाहेर येत असे. आत्या जेवण आणून दारात ठेवत. ताट ठेवल्याचा आवाज, मग पावलं. इद्दत संपल्यावर माझा भाऊ न्यायला आला. आत्यांकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले नाही. त्यांनी राहा म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. मीठ संपलंय, बकरी आटलीय, एवढं बोलत. नवं माणूस दारात आलं तर त्या उठून आत जात, आणि खबर काकांना विचारावी लागे.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या संध्याकाळचं. मुहन्ना गेला, दिवस बुडाला, अजान झाली. आत्या आणि मी नेहमीसारख्या शेजारी शेजारी चटया टाकून उभ्या राहिलो. नमाज संपली. मी हात पसरले आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा माझे ओठ हलले. त्याला क्षमा कर. त्याची कबर रुंद कर. शब्द कडू होते, पण ते कुणाचे आहेत हे मला माहीत होतं. आणि माझं मागणं अर्ध्यावर असताना शेजारून आत्यांचं मागणं ऐकू आलं. “त्याला सुखरूप घरी आण. वाटेत सांभाळ. जहाज बुडवू नकोस.”

मला वाटलं, सवयीने निघालं तोंडातून. दुसऱ्या दिवशीही तेच. ईदच्या सकाळीही तेच. काका म्हणाले, तिला समजाव, गेलेल्यासाठी असं मागणं बरोबर नाही. मी समजावायचं? त्या एकाच खोलीत, हातभर अंतरावर, एकाच माणसासाठी आम्ही दोघी रोज पाच वेळा दोन वेगळ्या गोष्टी मागत होतो, आणि त्यांचे शब्द कानात आले की माझे विसरायचे. क्षमा म्हणता म्हणता मी सुखरूप म्हणून जायची. मग पहिल्यापासून सुरुवात करायची. कधी तीनदा, कधी चारदा.

एके दिवशी मी माझी चटई उचलून मागच्या खोलीत नेली. मधे जाड मातीची भिंत होती. आत्यांनी नेताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जरा मोठ्याने मागू लागल्या.